बडोद्याचे स्थळदर्शन : एक फेरवाचन

शहराची प्रेक्षणीय स्थळे सांगणारी यादी हा साहित्याचा प्रकार मानावा काय, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण नकारार्थी मान हलवतील. प्रवासवर्णनाला आपण साहित्यात जागा दिली, बखरीला दिली, पत्रांना आणि रोजनिशीलाही दिली. परंतु हॉटेलात पाहुण्याच्या हाती पडणारी घडीपत्रिका, संमेलनाच्या स्मरणिकेतील 'शहर-परिचय' आणि रिक्षावाल्यापासून घरच्या यजमानापर्यंत साऱ्यांच्या तोंडी बसलेले वर्णन, यांच्याकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहावे असे आपल्याला वाटलेले नाही. वस्तुतः एखाद्या शहराविषयी सर्वाधिक लोक जो मजकूर वाचतात वा ऐकतात तो हाच. इतिहासग्रंथ शंभरांत एखादा वाचतो. यादी मात्र सगळे वाचतात आणि तिच्यावरून शहराविषयीचे मत कायमचे बनवून परत जातात. मग तिला समीक्षेतून सूट का असावी?

मी येथे विचार करणार आहे तो बडोद्यापुरता. कारण माझा जन्म, शिक्षण आणि सरकारी नोकरीतील बराच काळ याच शहरात गेला आणि या यादीचा प्रचार करणाऱ्यांत मी स्वतःही अनेक वर्षे होतो.

बडोद्याची यादी ठरलेली आहे. आरंभी लक्ष्मीविलास राजवाडा. मग सयाजीबाग आणि त्यातील संग्रहालय, महाविद्यालयाचा घुमट, कीर्तिमंदिर, सूरसागर, न्यायमंदिर, मांडवी. वेळ उरल्यास हजिरा आणि तांबेकर वाडा, आणि मुले बरोबर असल्यास आजव्याची बाग. प्रत्येक नोंदीत साधारण तीन गोष्टी सांगितलेल्या असतात : वास्तू कोणी बांधली, ती केवढी मोठी आहे आणि तिची शैली कोणती. या तीन गोष्टी निरर्थक आहेत असे मी म्हणत नाही. परंतु चौथी गोष्ट, म्हणजे ती कशासाठी बांधली गेली, ही यादीतून जवळजवळ नेमाने गळते. दुसऱ्या एखाद्या शहराच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. बडोद्याच्या बाबतीत मात्र जे या शहराचे खरे वेगळेपण, नेमके तेच त्यामुळे हरवते, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम 'केवढी मोठी' या मुद्द्याकडे वळू. २०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, तेव्हा आमच्याकडे मराठवाड्यातून एक वयोवृद्ध पाहुणे उतरले होते. निवृत्त शिक्षक, गणिताचे. त्यांना राजवाडा दाखवताना मी नेहमीचे वाक्य उच्चारले : "हा वाडा लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट आहे." त्यांनी शांतपणे विचारले, "चौपट कशात? उंचीत, लांबीत, की जमिनीत?" मला उत्तर देता आले नाही. आयुष्य महसूल खात्यात गेलेल्या माणसाला क्षेत्रफळाच्या प्रश्नावर निरुत्तर व्हावे लागले, याची मला त्या दिवशी लाज वाटली. रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

छापील आणि बोलक्या वर्णनांत लक्ष्मीविलासचे क्षेत्रफळ ३,०४,९२,००० चौरस फूट असे दिले जाते आणि बकिंगहॅमचे सुमारे ८,२८,००० चौरस फूट. आता आपल्या खात्यात रुजू होणाऱ्या नव्या तलाठ्यालाही ठाऊक असते की, एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. राजवाड्याच्या आवाराची व्याप्ती सातशे एकर सांगितली जाते. ४३,५६० ला ७०० ने गुणावे. उत्तर येते ३,०४,९२,०००, एका फुटाचाही फरक न पडता. म्हणजे ज्याला आपण राजवाड्याचे क्षेत्रफळ म्हणतो ते त्याच्या भिंतींच्या आतले नव्हे, तर बागा, मैदाने, नवलखी वाव, रस्ते आणि झाडे यांसह संपूर्ण आवाराचे आहे. आणि ते आपण ताडून पाहतो ते बकिंगहॅमच्या इमारतीच्या आतील मजल्यांच्या क्षेत्रफळाशी! हे म्हणजे एकाचे शेत आणि दुसऱ्याची खोली यांची तुलना झाली. गंमत अशी की, या चुकीच्या तुलनेतूनही 'चौपट' निघत नाही, सदतीस पट निघते. आवाराशी आवार ताडावे, तर बकिंगहॅमची बाग सुमारे चाळीस एकरांची असल्याने गुणोत्तर सतरा-अठराच्या घरात जाते. चार हा आकडा यांपैकी कोणत्याच हिशेबात बसत नाही. तरीही तो पत्रिकेतून पत्रिकेत, वर्तमानपत्रातून भाषणात आणि माझ्यासारख्यांच्या तोंडून पाहुण्यांच्या कानांत बिनदिक्कत जात राहिला.

चूक आकड्याची आहे म्हणून मी एवढा वेळ तिच्यावर घालवला नाही. आकडा दुरुस्त करता येतो. मला खटकते ते या तुलनेमागचे मन. ज्या वास्तूचे मोठेपण सांगण्यासाठी लंडनचा आधार घ्यावा लागतो, तिच्याकडे आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले नसते. महाविद्यालयाच्या घुमटाचेही तेच. त्याला कोणी भारतातला दुसरा मोठा म्हणतात, कोणी आशियातला. तो विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देतो, हे सांगून झाले की वर्णन संपते. घुमटाखाली कोण शिकले, हे यादीत नसते. १८८१ मध्ये स्थापन झालेल्या या बडोदा कॉलेजात अरविंद घोष यांनी अध्यापन केले, क. मा. मुनशी आणि आपले माधव जूलियन हे येथले विद्यार्थी. इंग्रजी कविता, गुजराती कादंबरी आणि मराठी गझल यांचे धागे एका घुमटाखाली येतात, ही गोष्ट त्याच्या व्यासापेक्षा अधिक सांगण्याजोगी नाही काय?

मग लक्ष्मीविलास दुय्यम ठरवावा काय? तसे नाही. १८७८ ते १८९० या काळात उभा राहिलेला हा वाडा आधी मेजर चार्ल्स मँट याने योजला. मँटचे नाव आपल्या वाचकांना अपरिचित नसावे. कोल्हापूरचा नवा राजवाडा त्याचाच. १८८१ मध्ये तो वारला. आपल्या हिशेबात चूक झाली असून इमारत कोसळणार, या धास्तीने त्याच्या मनाचा तोल ढळला, अशी कथा मार्गदर्शक मोठ्या रसाने सांगतात. पुढचे काम रॉबर्ट चिझम याने केले. त्याने मद्रासेत मोठी कामे केलेली होती. जिला इंडो-सारासेनिक म्हणतात त्या शैलीची ही वास्तू आहे. राजपूत छत्र्या, मोगली कमानी, मराठी वाड्याचे चौक आणि युरोपीय महालांची मांडणी असे सर्व तिच्यात एकत्र आले आहे. सोनगडचा पिवळसर दगड, आग्र्याचा तांबडा, पुण्याचा निळसर काळा, जमिनीवर व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली जडावाची फरशी आणि खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच. समीक्षकाच्या दृष्टीने पाहता या संमिश्रणात एकजीवता सर्वत्र साधलेली नाही. दर्शनी भागात एका नजरेत इतके काही येते की, डोळ्याला विसावा मिळत नाही. उलट दरबार हॉलमध्ये शिरले की रंगीत काचेतून येणारा उजेड आणि रिकामी, लांबरुंद फरशी यांनी मन एकदम स्थिर होते. मला विचाराल तर या वाड्याचे सौंदर्य बाहेरच्या थाटात नसून या एका दालनाच्या अवकाशात आहे.

परंतु वाडा म्हणजे राजाचे घर, आणि घरे तर सर्वच राजांनी बांधली. ग्वाल्हेरला जयविलास आहे, इंदूरला लालबाग आहे, म्हैसूरला तर त्याहून दिमाखदार महाल आहे. घराच्या बाबतीत बडोदे हे अनेकांतले एक ठरते. ते वेगळे ठरते ते राजाने स्वतःसाठी न बांधलेल्या इमारतींमुळे. यादी आपल्याला नेमकी येथेच दगा देते.

न्यायमंदिराचे उदाहरण घ्या. १८९६ मध्ये उघडलेली ही बायझंटाइन धाटणीची इमारत चिझमच्याच हातची. महाराज सयाजीराव तिसरे यांच्या दिवंगत पत्नी, तंजावरच्या मोहिते घराण्यातील पहिल्या चिमणाबाई राणीसाहेब, यांचे नाव तिला दिले गेले. मूळ योजना होती भाजी मंडईची! पुढे तेथे न्यायालय बसले आणि शतकाहून अधिक काळ चालले. २०१८ मध्ये न्यायालय नव्या संकुलात गेले. मंडईसाठी इतकी उंच, इतकी उजेडाची इमारत योजावी, या कल्पनेतच त्या काळाच्या नगरविचाराचे मर्म आहे. भाजी विकणारी बाई आणि भाजी घेणारा कारकून यांनाही सुंदर छताखाली उभे राहण्याचा हक्क आहे, असा तो विचार. पुढे त्याच छताखाली पक्षकार उभे राहिले. यादीत मात्र 'भव्य घुमटाकार वास्तू' एवढाच उल्लेख येतो.

आजव्याची कथाही तशीच. पत्रिकेत आजवा म्हणजे बाग, कारंजी आणि सहल. प्रत्यक्षात आजव्याचे सयाजी सरोवर १८९० च्या दशकाच्या आरंभी शहराला नळाने पाणी देण्यासाठी बांधले गेले आणि आजही त्याचे पाणी शहराला मिळते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ रोज पहाटे आपल्या घरात येणारी ही वास्तू आपण प्रेक्षणीय मानत नाही. तिच्या काठावरची कारंजी मात्र मानतो.

संग्रहालयाविषयी वेगळे सांगायला हवे. १८९४ ची मुख्य इमारत आणि तिला जोडलेले चित्रदालन सयाजीबागेत आहे. चित्रदालनाची इमारत १९१४ मध्ये तयार झाली, परंतु महायुद्धामुळे युरोपातील चित्रे तिकडेच अडकून पडली आणि दालन उघडायला १९२१ उजाडले. मुलांना येथली इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा आठवतो, आणि पत्रिकाही त्यावरच थांबतात. परंतु अकोट्यास १९५१ मध्ये सापडलेल्या जैन धातुमूर्ती याच संग्रहालयात आहेत. गायकवाड तर सोडाच, मोगलही गुजरातेत येण्याच्या कितीतरी शतके आधी या नदीकाठी केवढी प्रगल्भ शिल्पकला नांदत होती, याचा तो पुरावा. शहराचा आरंभ आपल्यापासून झाला, अशी जी एक समजूत आम्हां मराठी कुटुंबांत नकळत घर करून असते, तिच्यावर या लहानशा मूर्तींसारखा उतारा नाही.

आता ज्या इमारतीला मी यादीत पहिले स्थान देईन, तिच्याकडे येतो. बहुतेक पत्रिकांत ती नसतेच. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय हे ते ठिकाण. १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. तत्पूर्वी १८९३ मध्ये अमरेलीत त्याचा प्रयोग झाला होता. परंतु शाळा सोडलेल्या मुलाला वाचायला काही मिळाले नाही तर तो शिकलेले विसरतो, हे महाराजांनी ओळखले. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून घेतले. तीन वर्षांत त्याने संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभे करण्याचा पाया घातला. महाराजांचा खाजगी ग्रंथसंग्रह सार्वजनिक झाला. योजनेचे सूत्र साधे होते : गावाने जेवढी रक्कम उभी करावी तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच दरबाराने द्यावी. जेथे ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. गुजराती समाजात मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या चळवळीला गावोगावी बळ दिले.

मध्यवर्ती ग्रंथालयाची आजची इमारत १९३१ ची. बाहेरून ती डोळ्यांत भरणारी नाही. आत मात्र लोखंडी मांडण्यांचे मजल्यावर मजले आहेत आणि त्यांच्यामधली जमीन जाड काचेची आहे. वरून आलेला उजेड काचेतून झिरपत खालच्या मजल्यावरील पुस्तकाच्या पाठीपर्यंत पोहोचतो. दिवा लावून आगीचा धोका पत्करायला नको, आणि अंधारात पुस्तक शोधायलाही नको. अलंकार नाही, घुमट नाही, तुलनेसाठी लंडन नाही. प्रत्येक वस्तू तिच्या कामासाठी आहे आणि म्हणूनच सुंदर आहे. लक्ष्मीविलासच्या रंगीत काचेतून येणारा उजेड राजाच्या फरशीवर पडतो. येथल्या साध्या काचेतून येणारा उजेड कोणाही वाचकाच्या पुस्तकावर पडतो. दोन्ही उजेड एकाच राजाने आणवले. त्यांतला दुसरा अधिक दूर गेला असे मला वाटते.

कीर्तिमंदिराची नोंद वाचतानाही अशीच चुटपुट लागते. १९३६ मध्ये सयाजीरावांच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने गायकवाड घराण्याच्या पूर्वजांसाठी हे स्मारक उभे राहिले. शिखरावर सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे, हे सर्व पत्रिका सांगतात. परंतु आतल्या भिंतींवर नंदलाल बसू यांनी केलेली गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारतातील प्रसंगांची भित्तिचित्रे आहेत, हे सांगायला जागा उरत नाही. शांतिनिकेतनचा हा चित्रकार १९३९ ते १९४६ या काळात येथे येऊन काम करत होता. राजघराण्याच्या समाधिस्मारकाच्या भिंती एका बंगाली कलावंताला देणे आणि त्यावर पूर्वजांच्या लढायांऐवजी गंगा, मीरा आणि बुद्धाच्या चरणी नृत्य अर्पिणारी नर्तिका रंगू देणे, हा निर्णय त्या शिखराहून उंच आहे.

येथपर्यंत मी यादीला दोष दिला. आता आपल्याकडे वळायला हवे. कारण या यादीचे लेखक बाहेरचे नाहीत. मराठी वाचकासाठी बडोद्याचे जे वर्णन होते, ते बहुधा आमच्यासारख्या जुन्या कुटुंबांनीच केलेले असते. 'आपल्या लोकांनी परमुलखात उभारलेले वैभव' हा त्याचा स्थायीभाव. हे 'आपले' थोडे तपासून घेतले पाहिजे. आराखडे इंग्रजांचे, फरशी इटालियनांची, ग्रंथालयाची घडी अमेरिकनाची, भित्तिचित्रे बंगाल्याची. आणि या सर्वांचा खर्च ज्या सारापट्टीतून निघाला, ती भरणारा शेतकरी मुख्यतः गुजराती. मी ज्या खात्यात काम केले त्या खात्याची जुनी दप्तरे हेच सांगतात. राजवाडा पूर्ण झाल्यावर दहा वर्षांच्या आत छप्पनचा दुष्काळ आला. १८९१ मध्ये २४ लाखांवर असलेली संस्थानची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत साडेएकोणीस लाखांवर आली. त्या काळाचे स्मारक शहरात नाही, म्हणून ते यादीतही नाही. वैभव 'आपले' म्हणताना ही नोंदही आपल्याच खात्यावर घ्यावी लागेल.

आणि जे निर्विवाद आपले होते, त्याचे आपण काय केले? रावपुऱ्यातील तांबेकर वाडा हा दिवाण भाऊ तांबेकर यांचा. १८४९ ते १८५४ या काळात ते दिवाण होते. चार मजली, लाकडी खांबांचा हा वाडा आणि त्याच्या भिंतींवरील कृष्णलीला, महाभारत आणि इंग्रज-मराठे लढायांची चित्रे आज उरली आहेत ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणामुळे. पंतप्रतिनिधींच्या वा पेशव्यांच्या मुलखातील वाड्याशी नाते सांगणारा आणि तरीही चित्रांच्या रंगांत पूर्ण गुजराती झालेला असा हा वाडा. आपल्या दोनशे-अडीचशे वर्षांच्या येथल्या वास्तव्याचे इतके नेमके चित्र दुसरे नाही. परंतु पाहुण्यांना तेथे नेणारा मराठी यजमान मी क्वचित पाहिला. मीही नेत नसे.

त्याच परिसरात आमचाही एक वाडा होता. तांबेकरांच्या तुलनेत अगदीच सामान्य. दोन चौकी, मागे आड, पुढे ओटा. १९९४ मध्ये आम्ही चुलत-सख्खे मिळून सात वारसांनी तो विकला. पावसाळ्यात गळत होता, भाडेकरू निघत नव्हते, मुले नव्या वस्तीत राहायला गेली होती. सगळी कारणे खरी होती. विक्रीखतावर माझीही सही आहे. आज तेथे दुकानांची इमारत आहे. म्हणून या विषयावर मी कोणाला उपदेश करू इच्छित नाही. एवढेच म्हणतो की, राजाचा वाडा चौपट होता हे अभिमानाने सांगणारे आम्ही, स्वतःचा वाडा केवढा होता हे मात्र नातवंडांना सांगू शकत नाही. त्याचे एकही पूर्ण छायाचित्र आमच्याकडे नाही.

शेवटी एका अशा जागेविषयी, जी वास्तूच नव्हे. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर, संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी उच्च शिक्षण घेऊन, कराराप्रमाणे नोकरीस रुजू होण्यासाठी बडोद्यास आले. हिंदूंच्या विशींत आपल्याला जागा मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून पारशी पथिकाश्रमात पारशी नावाने त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्याने त्यांना तेथून निघण्यास बजावले. त्यांनी ज्या दोन परिचितांकडे आसरा मागितला त्यांत एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. कोणीही घरात घेतले नाही. मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटीबागेत, म्हणजे याच सयाजीबागेत काढला. हे सर्व त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या वडाखाली ते बसले त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात आणि दर वर्षी २३ सप्टेंबरला तेथे दूरदुरून लोक येतात.

आमच्या पिढीने पाहुण्यांना सयाजीबाग दाखवली ती संग्रहालय आणि प्राणिबागेसाठी. या जागेपाशी आम्ही थांबलो नाही. ज्या राजाने ग्रंथालय सर्वांसाठी उघडले, शाळा सक्तीच्या केल्या आणि एका अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्याला सातासमुद्रापार धाडले, त्याच राजाच्या राजधानीत त्या विद्यार्थ्याला रात्रीपुरते छप्पर मिळू नये! राजाच्या हुकमाने सार्वजनिक इमारतीचे दार उघडते; घराचे दार उघडणे ज्याच्या त्याच्या हाती असते. आमचे घराणे तेव्हा रावपुऱ्यातच होते. आमच्याकडे कोणी विचारायला आले नाही हे खरे. परंतु विचारावे असे वाटण्याजोगे आमचे दार नव्हते, हेही तितकेच खरे. बडोद्याच्या वास्तूंचे कोणतेही वर्णन या एका संध्याकाळीशिवाय पुरे होत नाही, असे मला आता वाटते.

यादीच्या बाजूने एक म्हणणे आहे, तेही नोंदवले पाहिजे. पाहुण्याकडे अर्धा दिवस असतो, पत्रिकेत अर्धे पान असते; तेथे एवढा विचार कोठे मांडणार? हे मान्य आहे. मोठ्या आकड्याने कुतूहल जागते आणि कुतूहलाने माणूस फाटकापर्यंत येतो, हेही मान्य आहे. परंतु 'कशासाठी' हे सांगायला 'केवढे' सांगण्याहून जास्त शब्द लागत नाहीत. 'भाजी मंडई म्हणून योजलेली, पुढे न्यायालय झालेली इमारत' हे आठ शब्द 'बायझंटाइन शैलीतील भव्य घुमटाकार वास्तू' या शब्दांपेक्षा फारसे लांब नाहीत, आणि पाहुण्याच्या लक्षात ते अधिक राहतील.

म्हणून माझी सूचना अगदी व्यवहारी आहे. आपल्या मंडळाची पुढची स्मरणिका निघेल तेव्हा तिच्यातील शहर-परिचय जुन्या पत्रिकेवरून उतरवून घेऊ नये. आरंभ मांडवीजवळच्या ग्रंथालयापासून करावा. तेथून न्यायमंदिर आणि सूरसागर, मग रावपुऱ्यात तांबेकर वाडा, पुढे कीर्तिमंदिर, मग सयाजीबागेत अकोट्याच्या मूर्ती आणि संकल्पभूमी, त्यानंतर महाविद्यालय आणि सर्वांत शेवटी लक्ष्मीविलास. सवड असल्यास हजिराही पाहावा. १५८६ ची ती कबर मोगल काळाची असून कुतुबुद्दीन मुहम्मद खानाची आहे, आणि मराठी घरांपासून ती नेहमीच हाकेच्या अंतरावर होती. प्रत्येक नोंदीत इमारत कशासाठी झाली, कोणाच्या हातांनी झाली आणि आज तेथे काय चालते, एवढे तरी असावे. या क्रमाने गेलेला पाहुणा राजवाड्यापाशी पोहोचेल तेव्हा त्याचा आकार विचारणार नाही. येथे राहणाऱ्याने बाहेर काय बांधले, हे त्याला तोवर कळलेले असेल.

ते गणिताचे शिक्षक आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना पुढे पत्राने कळवले होते. त्यांचे उलट पत्र आले, त्यात आकडेमोड बरोबर असल्याची खूण होती आणि खाली एकच ओळ : ग्रंथालय दाखवायचे राहिले, पुढच्या खेपेस दाखवा. ती खेप झाली नाही.